घराण्याची हनुवटी

ज्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे बसतात, अशा माणसाला भाजलेलं कणीस खाताना एकदा नीट पाहावं. इतर मंडळी कणसाला समोरून भिडतात. हा आधी कणीस आडवं धरतो, मग तिरकं करतो, मग मान कलती करून ते गालाच्या कडेने दाढांपर्यंत नेऊन बघतो आणि अखेर बोटांनी एकेक दाणा सोलायला बसतो. विचारलं तर म्हणतो, "मला असंच आवडतं." वडापावचा चावा घेतला की पाव नुसता दबतो, तुटत नाही, आणि वडा मागच्या बाजूने सुटून कागदात पडतो. शर्टाचं बटण लावून झाल्यावर दोरा दाताने तोडायला जावं, तर वरचे दात दोऱ्याच्या अलीकडे आणि खालचे पलीकडे. या गैरसोयी इतक्या लहानपणी अंगवळणी पडतात की त्या गैरसोयी आहेत हेच लक्षात येत नाही. पेरू सुरीने कापूनच खायचा असतो, असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटत होतं.

हनुवटी आमच्या घरातलीच. बाहेरच्या खोलीत आजोबांचा स्टुडिओत काढलेला फोटो आहे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि फोटोग्राफरला आता फैलावर घेणार असा चेहरा. प्रत्यक्षात आजोबा इतके भिडस्त, की भाजीवालीने माप कमी दिलं तर तेच ओशाळायचे. पण खालचा ओठ वरच्या ओठाच्या पुढे आला, की माणूस कायम काहीतरी खटकल्यासारखा दिसतो. कचेरीत त्यांचा दरारा होता म्हणतात. तो निम्मा तरी हनुवटीचा असणार. त्यांची ती हनुवटी आमच्या वडिलांना चुकवून माझ्याकडे आणि ताईकडे आली. ताईकडे जरा मवाळ, आणि ताईकडून भाचीकडे मात्र पुरती, व्याजासकट. भाचीच्या आत्या प्रत्येक लग्नकार्यात न चुकता सांगतात, "आमच्याकडे नाही हो कुणाचं असं." त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांच्याकडे नाक आहे. पण त्याबद्दल आमच्याकडून कधी कुणी काही बोललेलं नाही.

अशा हनुवटीची थोरवी ऐकायची तर युरोपात जावं लागतं. तिथल्या हॅब्सबर्ग राजघराण्याचा जबडा इतका नामांकित की आजही वैद्यकाच्या पुस्तकांतून तो घराण्याच्या नावानेच ओळखला जातो. सम्राट पाचवा चार्ल्स हा त्यातला मोठा पुरुष. अर्धं युरोप त्याच्या ताब्यात होतं, पण स्वतःचं तोंड नीट मिटणं नव्हतं. तिशियनने १५४८ साली काढलेलं त्याचं घोड्यावरचं चित्र माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहे. चिलखत, भाला, लालभडक तुरा, आणि जबड्यावर नीट राखलेली दाढी. राजाचा चित्रकार आणि राजाचा न्हावी या दोघांनी मिळून जे करता येईल ते केलेलं दिसतं. पुढे या मंडळींनी राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून लग्नंही घरातच लावली. चौथ्या फिलिपने तर सख्ख्या बहिणीच्या मुलीशीच लग्न केलं, आणि त्यांचा मुलगा दुसरा चार्ल्स. याचा खालचा जबडा इतका पुढे होता की दातांच्या दोन्ही रांगा एकमेकींना भेटतच नसत आणि तो घास न चावता गिळत असे, असं तिथल्या इंग्रज राजदूताने लिहून ठेवलं आहे. १७०० साली तो निपुत्रिक वारला आणि त्याच्या गादीसाठी युरोपात बारा-तेरा वर्षं लढाई चालली. २०१९ साली स्पेनमधल्या संशोधकांनी जबड्याच्या दहा शल्यविशारदांना या घराण्यातल्या पंधरा जणांची सहासष्ट तैलचित्रं तपासायला बसवलं आणि नात्यातली लग्नं नि पुढे आलेला जबडा यांचा संबंध दिसतो असा निष्कर्ष काढला. तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या पेशंटची तपासणी, तीही फी न मिळता!

हे सगळं मी भाचीला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे राज्य त्यांचं आणि जबडा आपला."

भाची तेवीस वर्षांची. पुण्यात नोकरी करते, स्वतःचे पैसे स्वतः मिळवते. तिने एक दिवस जाहीर केलं की जबड्याचं ऑपरेशन करायचं की साध्या उपायावर भागवायचं, हे आता ठरवून टाकायचं. डॉक्टरांकडे जाताना मला बरोबर चल म्हणाली. मला वाटलं, मामाचा आधार हवा असेल. "तसं नाही," ती म्हणाली, "काहीच केलं नाही तर पन्नाशीत कसं दिसतं ते डॉक्टरांना दाखवता येईल."

मी स्वतः काहीच केलं नाही हे पूर्ण खरं नाही. मी मिशा ठेवल्या. वरचा ओठ आत गेलेला असतो, त्यावर भरघोस मिशी आली की तो जरा पुढे आल्यासारखा दिसतो. बिनखर्चाचा, बिनदुखण्याचा आणि वाटेल तेव्हा मागे घेता येणारा असा हा एकमेव कॉस्मेटिक उपाय. भाचीला तो सुचवण्यात अर्थ नव्हता.

घरात मात्र सूचनांना तोटा नव्हता. ताईचं म्हणणं, मूल जन्माला येतं तेच रूप देवाने दिलेलं. हे म्हणताना ती केसांना रंग लावत होती. भावजींनी ऑपरेशनचा खर्च लाखांत जातो हे कळल्यावर मुंबईचं सरकारी दंत महाविद्यालय, नायरचं दंत रुग्णालय अशी ठिकाणं शोधून काढली आणि विमा कंपनीला फोन केला. तिकडून पहिला प्रश्न आला, "कॉस्मेटिक आहे का?" आजीला वाटत होतं की लग्न ठरेपर्यंत थांबावं, भाचीच्या काकूला वाटत होतं की लग्न ठरावं म्हणूनच करावं. शेजारच्या काकांच्या ओळखीत कुणीतरी पुढच्या दातांवर नवे पातळ मुलामे चढवून घेतले होते आणि त्याचं काम चार-पाच फेऱ्यांत झालं होतं. मीही माझ्या परीने एक दाखला दिला. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी, जगप्रसिद्ध गायक, त्याच्या तोंडात चार दात जादा होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आले होते. पण आवाज बदलेल या भीतीने त्याने ते कधी दुरुस्त करून घेतले नाहीत. भाचीने शांतपणे ऐकून घेतलं. "मामा, त्याचे वरचे होते. आणि तो गायचा. मी एक्सेलमध्ये काम करते."

या सगळ्या सल्ल्यांत एक सल्ला सर्वांनाच पसंत होता, आणि तो अगदी अस्सल मराठी होता: आधी तारा लावून बघू, नाहीच जमलं तर ऑपरेशन आहेच. आपल्याला मधला मार्ग फार आवडतो. बोलणी फिसकटू नयेत, पैसे एकदम जाऊ नयेत आणि परतीची वाट मोकळी राहावी. हा ठराव मनात घेऊनच आम्ही तारावाल्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

बाईंनी स्क्रीनवर भाचीच्या कवटीचा बाजूने काढलेला एक्सरे लावला. याला त्या 'सेफ' म्हणत होत्या. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ अशा दोघांनी आपापल्या परीने डोकं एका जागी पक्कं धरून असा एक्सरे काढण्याची रीत बसवली, आणि तेव्हापासून हनुवटी किती पुढे हे आत्यांच्या मतावर अवलंबून राहिलेलं नाही. ते अंशांत मोजतात. नाकाच्या मुळापासून वरच्या जबड्याला एक रेघ, खालच्याला एक रेघ, मधला कोन साधारण दोन अंश असावा. भाचीचा उणे निघाला. 'उणे' ऐकल्याबरोबर ताईने माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू गुण मीच दिले होते. मग बाई म्हणाल्या, ही क्लास थ्री केस. एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये दातांच्या बसणीचे तीन वर्ग पाडले, त्यातला हा तिसरा. रेल्वेने थर्ड क्लास कधीच मोडीत काढला, दंतवैद्यकाने अजून चालू ठेवला आहे.

मग बाईंनी पेनाने स्क्रीनवरचे पुढचे दात दाखवले, आणि मला त्या दिवशीची सगळ्यात नवलाची गोष्ट दिसली. जबडे एकमेकांपासून जितके दूर होते, तितके दात नव्हते. वरचे दात जमेल तेवढे बाहेर झुकले होते, खालचे जमेल तेवढे आत कलले होते. कुणी न सांगता, कुठलीही तार न लावता, गेली कित्येक वर्षं ते एकमेकांकडे सरकत होते. एकत्र घरातल्या दोन भावांचं पटत नसतं, पण जावा-जावा मधल्या दाराने वाटीभर आमटी देत-घेत असतात, म्हणून भांडण गावाला कळत नाही. तसा हा प्रकार. भाचीच्या चेहऱ्यावर दिसत होतं ते आमटी वजा करून उरलेलं भांडण.

आता दोन वाटा. साध्या वाटेला त्यांच्या भाषेत कॅमोफ्लाज म्हणतात. त्यात तारा आणि रबरं लावून हीच देवाणघेवाण आणखी वाढवायची. वरचे दात अजून पुढे, खालचे अजून मागे, जागा लागली तर खालच्या दाढांपुढचे दोन दात काढायचे. जबडे जिथे आहेत तिथेच राहतात, दात मात्र बरोबर मिटतात. फरक थोडा असेल तर हे छान जमतं. फार असेल तर दात बिचारे किती कलणार? खालच्या पुढच्या दातांभोवतीचं हाड पातळ असतं. जास्त ढकललं की मूळ हाडाबाहेर डोकावतं, हिरडी खाली उतरते.

ऑपरेशनची वाट याच्या बरोब्बर उलट. आधी बारा ते अठरा महिने तारा लावून दातांची आजवरची सगळी तडजोड मोडायची. वरचे आत घ्यायचे, खालचे बाहेर काढायचे, म्हणजे ते आपापल्या जबड्यावर सरळ उभे राहतील आणि जबड्यांतलं खरं अंतर उघडं पडेल. दात काढायचे झाले तर इथे बहुधा वरचे. मधल्या दाराला आधी कुलूप, भांडण चव्हाट्यावर, आणि मग रीतसर वाटणी. म्हणजे दीड वर्ष पैसे भरून हनुवटी आणखी पुढे आलेली दिसणार!

"मग आधी तारा लावून बघू..." भावजींनी सुरुवात केली.

"कुठल्या दिशेने?" बाईंनी विचारलं.

आमचा सर्वसंमत ठराव तिथेच बारगळला. दोन्ही वाटा दवाखान्याच्या दारातच फुटतात, एक पूर्वेला जाते आणि एक पश्चिमेला. अर्धं अंतर चालून मत बदललं, तर ते सगळं अंतर उलटं चालावं लागतं. शिवाय काढलेले दात काही परत लावता येत नाहीत. आणि साधी वाट सोपी असली तरी आखूड नाही, तिलाही दोनेक वर्षं लागतातच. मराठी माणसाला मधला मार्गच नसलेली वस्तू दाखवली की तो चहा मागतो. आम्ही बाहेर येऊन घेतला.

पातळ मुलाम्यांचं, ज्यांना व्हेनिअर म्हणतात त्यांचं काय, हे मी बाईंना विचारून ठेवलं होतं. त्यांनी नाक मुरडलं नाही, पण उत्तर लवकर संपवलं. फरक अगदी किरकोळ असेल तर दिसायला चांगलं. त्यासाठी चांगल्या दाताचं थोडं कवच तासावं लागतं आणि ते पुन्हा येत नाही. हनुवटी तेवढी मागे घेणं, ओठात नि गालात काहीतरी भरून वरची बाजू उठवणं, यांनी बाजूने दिसणारा चेहरा बदलतो, चावा तिथेच राहतो. हत्तीच्या दोन प्रकारच्या दातांची म्हण मला आठवली, पण ती ताईलाही आठवली आणि तिने ती माझ्या आधी म्हटली.

शल्यविशारदांची भेट दुसऱ्या दिवशी. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकची कवटी होती, स्प्रिंग लावलेली. खालचा जबडा ओढून सोडला की टक्कन मिटायचा, आणि तो अगदी आदर्श मिटायचा, याचा मला थोडा रागच आला. डॉक्टरांनी पेनाने जबड्याच्या मागच्या भागावर एक रेघ ओढून दाखवली. इथे हाड उभं चिरायचं, आतला थर नि बाहेरचा थर वेगळा करायचा, दात असलेला भाग मागे सरकवायचा आणि टायटॅनियमच्या पट्ट्या नि स्क्रूंनी बसवायचा. हे सगळं तोंडाच्या आतून, बाहेर व्रण नाही. ही पद्धत ह्यूगो ओब्वेगेसर यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. हल्ली नुसता खालचा जबडा फार मागे घेत नाहीत, श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. म्हणून बहुधा वरचाही पुढे आणतात. वरच्या जबड्याचा छेद ज्या रेघेवर घेतात तिला ल फोर असं नाव आहे. रने ल फोर या फ्रेंच डॉक्टराने मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याचं हाड कुठेकुठे मोडतं ते पाहिलं आणि १९०१ साली ते छापलं. जिथे अपघातात मोडतं तिथेच आता मुद्दाम कापतात. ताईने या वेळी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

मग त्यांनी पेनाचं टोक खालच्या जबड्याच्या आत खुपसलं. "इथून एक नस जाते. खालच्या ओठाची नि हनुवटीची संवेदना तिच्याकडे. ऑपरेशननंतर तो भाग बधिर राहतो. बहुतेकांचा हळूहळू पूर्ववत होतो. काहींचा थोडा कायम राहतो." सांगताना त्यांनी आवाज बदलला नाही, हे मला आवडलं. भाचीने नकळत खालच्या ओठावर बोट टेकवलं, दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. जिथे हा ओठ जाईल तिथे पहिला पोचतो, फोटोत पहिला तोच येतो, आणि आता तोच काही काळ, कदाचित थोडा कायमचा, गैरहजर राहणार होता.

"तुला त्रास काय होतो?" डॉक्टरांनी विचारलं.

हा प्रश्न इतक्या दिवसांत घरात कुणी विचारलाच नव्हता. ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, भावजींनीही. डॉक्टर भाचीकडेच बघत राहिले.

"नूडल्स तुटत नाहीत," ती म्हणाली. "कॉलवर स नि फ पुसट होतात. संध्याकाळी कानापाशी दुखतं." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मी मीटिंगमध्ये गप्प बसले की सगळे विचारतात, काय झालं? काही झालेलं नसतं, सर. मी नुसती ऐकत असते."

डॉक्टर लिहीत होते. पहिल्या तीन गोष्टी त्यांनी भराभर लिहिल्या. चौथीपाशी पेन जरा घुटमळलं. विमा कंपनीच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं याच ओळीत अडकलेलं आहे, असं मला वाटलं. खाणं, बोलणं, दुखणं हे औषधोपचारात बसतं. आयुष्यभर न आलेल्या रागाचा खुलासा करत बसणं कशात बसतं? आजोबांनी कुणाला कधी खुलासा केला नाही, कारण कचेरीत त्या गैरसमजाचा त्यांना फायदाच झाला. मी मिशी ठेवली. पुरुषाचा चेहरा रागीट असला तर त्याला वजन म्हणतात. भाचीच्या चेहऱ्याला तसं कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा ही गोष्ट कॉस्मेटिक आहे, असं निदान मी तरी म्हणणार नाही. डॉक्टरांनी अखेर ती लिहिली. कुठल्या रकान्यात ते मला वाचता आलं नाही.

तिचं ठरलं ते परतीच्या रिक्षात. "ऑपरेशन," एवढंच. कारणं विचारली तर म्हणाली, फरक फार आहे, दात अजून किती वाकवायचे. काहींच्या बाबतीत साधी वाटच शहाणपणाची असते हे दोन्ही डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि माझ्याइतका सौम्य उणेपणा असता तर तिनेही तीच धरली असती. हो, माझाही एक्सरे काढला. "तुमचं तारांनीसुद्धा झालं असतं," असं बाई मला सहज म्हणाल्या. मी घरी येऊन मिशीला कात्री लावायला घेतली आणि ठेवून दिली.

आता तारा लागून सहा महिने झाले आहेत. दातांची जुनी तडजोड ठरल्याप्रमाणे मोडते आहे आणि हनुवटी रोज थोडी अधिक ठणठणीत दिसते आहे. आत्यांनी दारातच म्हटलं, "अगं, हे तर वाढलंय! डॉक्टर बदला." भाचीने आनंदाने मान डोलावली, कारण बाईही नेमकं तेच, पण समाधानाने, म्हणाल्या होत्या.

तारीख मात्र भाचीने स्वतः मागून घेतली: पुढच्या वर्षीच्या एप्रिलची अखेर. ऑपरेशननंतर काही आठवडे रबरांनी तोंड जवळजवळ मिटलेलं, खाणं पातळ, पुढे पंधरा-वीस दिवस मऊ. पेज, कळण, सार, वरणाचं पाणी अशी यादी आजीने कागदावर लिहून फ्रिजला लावली आहे. भाचीने मात्र डॉक्टरांना एकच विचारलं, आमरस चालेल का? ते म्हणाले, गाळून चालेल, धागा एकही नको, आणि नंतर तोंड स्वच्छ धुवायचं. तेव्हापासून घरात हाडांची, नसांची, खर्चाची चर्चा पूर्ण थांबली आहे. आजीचा आग्रह पायरीचा, कारण रसाला पायरीच लागते. भावजी म्हणतात पायरीला धागा असतो, मलमलीतून गाळली तरी असतो, हापूसच आणायचा. ताई म्हणते एप्रिलअखेर हापूस महाग असतो. भावजी म्हणतात, टायटॅनियमच्या मानाने नाही.